घरातील कुंड्यांना खत देताना
सोलापूर रस्त्यावरील रोपवाटिकेतून आणलेल्या मनी प्लांटला घरी येताच खत घालण्याचा मोह आवरावा. नव्या उजेडाला रोप सरावेपर्यंत, म्हणजे सुमारे महिनाभर, त्याला केवळ पाणी पुरते. त्यानंतर आठ इंची कुंडीला दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत द्यावे आणि ते देण्यापूर्वी वरची माती खुरप्याने हलकेच मोकळी करावी.

विद्राव्य खत वापरायचे असल्यास, नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले १९:१९:१९ एक लिटर पाण्यात १ ग्रॅम विरघळवून तीन आठवड्यांतून एकदा द्यावे, मात्र कोरड्या मातीत ते कधीही ओतू नये, कारण त्याने मुळे भाजतात. पुण्याच्या थंडीत वाढ मंदावते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत खत बंद ठेवलेले बरे.

कुंडीच्या काठावर पांढरा थर जमला आणि पानांची टोके तपकिरी होऊन कुरकुरीत झाली, तर बहुधा क्षार साचलेले असतात. अशी कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतावे व ते तळाच्या छिद्रातून पूर्ण निथळू द्यावे. सोसायटीला बोअरचे पाणी असेल, तर खताची चूक नसतानाही असा थर येतो.

उरलेला चहाचा चोथा तसाच मातीवर टाकण्याची आपल्याकडील सवय मला पटत नाही. दूध-साखरेमुळे मुंग्या आणि चिलटे तेवढी जमतात. तो धुऊन, वाळवून कंपोस्टमध्ये घालावा.