चवथीच्या साफसफाईत जुने कपडे काढताय? या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात घरोघरी कपाटं रिकामी होतात आणि जुन्या कपड्यांची गाठोडी बांधली जातात. नेमकं तेव्हाच हवेत पाणी भरलेलं असतं. भर पावसात करकचून बांधलेलं गाठोडं, ही आपली सगळ्यात महागडी चूक.

सुती कापड हवेतली ओल शोषून घेतं. हाताला कोरडी लागणारी जीन्स कमरपट्टीत, खिशाच्या अस्तरात, जाड शिवणीत ओलसरच असते. ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली की बुरशी धरते आणि शेजारच्या कपड्यांवरही चढते. बुरशीने धागा कुजतो. असा कपडा कुणाला घालायला देता येत नाही आणि त्याचा नवा धागाही धड निघत नाही. म्हणून कपडे चवथीला निवडा, पण द्या दसऱ्यानंतर, पाऊस ओसरल्यावर ऊन दाखवून. तोवर जुन्या चादरीत सैल बांधून पाटावर ठेवा.

कुबट वास आलाच आहे? अंगणात नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, पांढरं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवा, मग साबणाने धुऊन उन्हात वाळवा. नंतर कापड दोन्ही हातांनी ताणून पाहा. टर्रकन फाटलं तर ते फडक्यालाच.

सगळे कपडे एकत्र देणं ही दुसरी चूक. नवा धागा काढायला यंत्रात कापड पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, त्यात सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर ते वेगळं करणं फार अवघड. लेगिंग्जमधलं ताणणारं इलास्टेन तर आणखी त्रासदायक. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांची ब्लँकेटं होतात. तिथे कपडे रंगानुसार निवडतात, म्हणजे नव्या रंगाची गरज कमी पडते. लेबल गेलं असेल तर शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, राख मऊ पडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

कपडे देताना चांगल्या शर्टाची बटणं काढून ठेवू नका, तो कुणीतरी घालणार आहे.

‘रिसायकल होईलच’ या भरवशावर नवी खरेदी करणं मला सगळ्यात जास्त खटकतं. एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेच्या 2017 च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी 1 टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. ‘रिसायकल्ड पॉलिएस्टर’ही बहुतेक वेळा जुन्या कपड्यांचं नसतं, प्लास्टिकच्या बाटल्यांचं असतं. त्यापेक्षा उसवलेली शिवण घाला, आजीच्या सुती लुगड्यांची वाकळ शिवून घ्या. गॅरेजवाल्याला फडकी द्यायची तर सुतीच द्या. पॉलिएस्टर तेल नीट टिपत नाही. आणि उरलेलं कापड परसात पेटवू नका, पॉलिएस्टरचा धूर विषारी असतो. ते कोरडं ठेवून पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारून द्या.