.३२ बोअरचे हत्यार घेण्यापूर्वीची तयारी

स्वसंरक्षणासाठी हत्यार घ्यायचे ठरल्यावर ९ मिमी आणि .४५ यांची तुलना करणारे अमेरिकी तक्ते आधी बाजूला ठेवावेत, कारण ९ मिमीचे काडतूस भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप) मोडते आणि सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही. उरते ते बहुधा .२२ किंवा .३२ (ही मापे इंचांत). .२२ चा धक्का सौम्य असला तरी बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारे हे काडतूस ऐन वेळी दगा देण्याची शक्यता अधिक असते, म्हणून माझे मत .३२ च्या बाजूने आहे.

आता मुख्य मुद्दा. नुसते ‘.३२’ हे काडतुसाचे पूर्ण नाव नव्हे. पिस्तुलाचे काडतूस ७.६५ × १७ मिमी, तर रिव्हॉल्व्हरचे ७.६५ × २३ मिमी असते; पहिला आकडा व्यासाचा, दुसरा काडतुसाच्या कवचाच्या लांबीचा. पहिल्यात सुमारे साडेचार ग्रॅमची गोळी वेगाने जाते. दुसऱ्यात सहा ग्रॅमहून जड गोळी संथ जाते, आणि दोहोंची ऊर्जा ९ मिमीच्या निम्म्याहूनही कमी भरते. मागच्या वेळी मी रिव्हॉल्व्हर घेतले, दुकानात ‘बत्तीसची काडतुसे द्या’ एवढेच म्हटले आणि पिस्तुलाची पेटी घरी आणली. ती काडतुसे सिलिंडरमध्ये, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या कप्प्यांत, सरकन बसली, म्हणून मला शंकाही आली नाही; सरावाच्या जागी प्रशिक्षकांनी माझा हात धरला, तेव्हा कुठे बुडावरचा ठसा वाचला. बसते म्हणून चालते असे मुळीच नाही: पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब अधिक असतो आणि जुन्या रिव्हॉल्व्हरला तो झेपेलच असे नाही. म्हणून पूर्ण नाव कागदावर लिहून न्यावे, ते नळीवरील खुणेशी ताडून पाहावे आणि पेटीवरही तेच वाचावे.

परवान्यावर रिव्हॉल्व्हर लिहिले आहे की पिस्तूल, हेही पाहावे. कानपूरचे ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे असल्याने खिशाला हलके, पण हलक्या हत्याराचा धक्का हाताला जास्त जाणवतो. मूठ स्वतःच्या पंजात धरून पाहिल्याशिवाय निवड करू नये. वर्षाला किती काडतुसे मिळतील हे परवान्यावरून पाहून त्यांतली काही सरावासाठी राखून ठेवावीत.

प्रशिक्षणाचा दाखला, कुलूपबंद पेटी, नूतनीकरणाची तारीख, निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याचा आदेश, हे सारे ओघाने आलेच. पैसे देण्यापूर्वी मात्र पेटी उघडून एक काडतूस हातात घ्यावे आणि त्याचे बूड वाचावे.