वेबपेजवर फोटो टाकताय? क्रॉप, रिसाइझ आणि सेव्ह करताना या चुका टाळा

आधी माझं झालेलं नुकसान सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच शिकलोय. एका पेजसाठी मी चाळीसेक फोटो छोटे केले, ६४० पिक्सेल रुंदीचे, आणि दरवेळी सरळ कंट्रोल एस दाबत गेलो, म्हणजे मूळ फाइलच्या जागीच छोटी फाइल बसत गेली. वर्षभराने तेच फोटो पेजच्या पूर्ण रुंदीला हवे होते तेव्हा कळलं की मोठे फोटो कुठेच उरले नाहीत, कॅमेऱ्याचं कार्ड तर कधीच पुसलं होतं. त्यातली काही माणसं आता नाहीत, त्यामुळे ते फोटो परत काढणंही शक्य नाही. तेव्हापासून माझ्याकडे मूळ फोटोंचा फोल्डर वेगळा असतो आणि त्यातली फाइल मी एडिट करायला उघडतच नाही, आधी कॉपी काढायची आणि जे काय करायचं ते कॉपीवर. बाकी सगळ्या चुका दुरुस्त करता येतात, ही नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, "फोटो तर छोटाच दिसतोय, मग पेज उघडायला इतका वेळ का?" कारण तो फक्त दिसायला छोटा आहे. कोडमध्ये किंवा एडिटरमध्ये कोपरा धरून फोटो लहान केला तरी फाइल तीच राहते, ब्राउझर आख्खी फाइल उतरवून घेतो आणि मग छोट्या चौकटीत बसवतो. हिशोब करून बघा, फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, आणि पेजवर तो ४०० बाय ३०० च्या जागेत बसणार असेल तर गरज १ लाख २० हजारांची, म्हणजे शंभरपट माल फुकट पाठवला. शिवाय फोटो उलगडला की एका पिक्सेलला ४ बाइट धरून मेमरीत ४८ एमबी जागा जाते, साध्या फोनवर असे दहा फोटो एका पेजवर आले की स्क्रोल अडकायला लागतो. पण म्हणून अगदी ४०० वरही आणू नका, कारण हल्लीच्या बहुतेक फोनच्या स्क्रीन दाट पिक्सेलच्या असतात आणि तिथे नेमका मापाचा फोटो धूसर दिसतो. मी जागेच्या दुप्पट रुंदी ठेवतो, म्हणजे इथे ८००, तरीही मूळ फोटोपेक्षा २५ पट कमीच पिक्सेल झाले.

क्रम चुकणं हीसुद्धा मोठी चूक आहे आणि ती लक्षातच येत नाही. आधी क्रॉप, मग रिसाइझ, आणि सेव्ह शेवटी एकदाच. समजा ४००० रुंदीच्या फोटोतला पाव रुंदीचा भाग, एखादा चेहरा, ८०० रुंदीला हवाय. आधी क्रॉप केलं तर तुमच्या हातात १००० पिक्सेल येतात, ते ८०० वर आणले की चेहरा स्वच्छ येतो. पण आधी फोटो १२०० वर आणला आणि मग कापला तर उरतात ३००, ते ताणून ८०० केले की फोटो फाटणारच, कारण ताणल्याने नवीन तपशील येत नाही, सॉफ्टवेअर मधले रंग अंदाजाने भरतं. फोटो फाटतोय अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी हेच विचारतो की कापलं कधी आणि लहान केलं कधी.

"७२ डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके) करा, वेबला तेवढंच लागतं" हे वाक्य अजून फिरतंय आणि त्याचा मला खरंच राग येतो, कारण त्यापायी चांगले फोटो खराब होतात. ७२ चा आकडा १९८४ च्या मॅकिंटॉशच्या स्क्रीनपासून चालत आलाय. वेबपेजवर फोटो दाखवताना ब्राउझर डीपीआय बघत नाही, तो पिक्सेल मोजतो. वाईट पुढे होतं, तुम्ही ३०० चे ७२ करताना खाली रिसॅम्पलची, म्हणजे पिक्सेलची संख्याच बदलायची, टिक चालू राहिली तर ३००० पिक्सेलचा फोटो ७२० चा होऊन बसतो आणि तुम्हाला वाटतं फक्त एक आकडा बदलला. तो रकाना सोडून द्या, पिक्सेलचा रकाना बघा. आणि तिथे रुंदी आणि उंचीमधली साखळीची खूण जोडलेली आहे ना तेही बघा, ती तुटली की माणसं चपटी किंवा लांबुडकी होतात.

फॉरमॅटचं थोडक्यात: कॅमेऱ्याचा फोटो असेल तर जेपीजी किंवा वेबपी, स्क्रीनशॉट, आकृती, अक्षरं असतील तर पीएनजी, लोगो असेल आणि मिळत असेल तर एसव्हीजी. उलटं केलं की काय होतं ते सांगतो. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातला बारीक तपशील टाकून देतं, फोटोत हे खपून जातं पण अक्षराची कडा एकदम तीव्र असते, म्हणून जेपीजी स्क्रीनशॉटमध्ये अक्षरांभोवती मळकट ठिपके दिसतात. आणि फोटो पीएनजीमध्ये सेव्ह केला तर काहीच टाकलं जात नाही त्यामुळे फाइल कैकपट जड होते. लोगोची मागची बाजू पारदर्शक होती आणि अचानक पांढरी किंवा काळी झाली? तो जेपीजीत सेव्ह झालाय, जेपीजीत पारदर्शकता नसतेच. फाइलच्या नावातलं पीएनजी खोडून जेपीजी लिहिलं म्हणजे फॉरमॅट बदलला असंही नाही, आत तेच राहतं. आयफोनमध्ये २०१७ पासून फोटो हेइक (HEIC) फॉरमॅटमध्ये येतात, ते बहुतेक ब्राउझरमध्ये उघडतच नाहीत, म्हणून तुमच्या मशीनवर दिसणारा फोटो लोकांना रिकामी चौकट म्हणून दिसतो. जिंप हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे सेव्ह केलं की जिंपची स्वतःची फाइल बनते, वेबसाठी एक्सपोर्ट करायचं.

जेपीजी सेव्ह करताना क्वालिटी १०० ठेवू नका. ७५ ते ८५ च्या मध्ये डोळ्यांना फरक कळत नाही आणि फाइल खूप हलकी होते, पण सॉफ्टवेअर बदललं की या आकड्याचा अर्थही बदलतो म्हणून एकदा फोटो पूर्ण मापात उघडून, केस, पानं, आकाश अशा जागी डोळ्याने बघा. जेपीजी उघडून परत परत सेव्ह केलं की दरवेळी थोडं थोडं जातं, व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेल्या चित्राचंही तेच, तो आधीच दाबून आलेला असतो, म्हणून समोरच्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि सर्चमध्ये दिसणाऱ्या चित्रावर राइट क्लिक करून सेव्ह केलं तर बरेचदा फक्त छोटी झलक हाती येते, चित्र दुसऱ्याचं असतं ते वेगळंच.

फोन सरळ धरून काढलेला फोटो पेजवर आडवा पडला तर घाबरू नका. कॅमेरा पिक्सेल फिरवत नाही, फाइलमध्ये फक्त "मला असं फिरवून दाखवा" अशी नोंद ठेवतो. काही टूल रिसाइझ करताना ती नोंद पुसतात पण फोटो फिरवत नाहीत. आधी फोटो खरोखर फिरवून घ्या आणि मग नोंदी पुसा. पुसायच्या मात्र नक्की, कारण त्याच नोंदींमध्ये फोटो कुठे काढला ते अक्षांश रेखांशासकट असू शकतं, घरातल्या लहान मुलांचे फोटो टाकताना हे विसरू नका. रंग फिके पडले तर कारण यासारखंच, फोटो रुंद रंगपट्ट्यातला होता आणि रंग कसे वाचायचे ते सांगणारं त्याचं प्रोफाइल पुसलं गेलं, म्हणून आधी एसआरजीबीत, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगपट्ट्यात, बदलायचं.

क्रॉप केलं म्हणजे कापलेला भाग गेला असं समजू नका, हे मी ठासून सांगतोय. वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेला भाग लपतो पण फाइलमध्ये राहतो, तो वेगळा डिलीट करावा लागतो. मार्च २०२३ मध्ये तर गुगलच्या पिक्सेल फोनच्या मार्कअप या स्क्रीनशॉट एडिट करायच्या टूलमध्ये आणि विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये असा दोष उघड झाला की कापून सेव्ह केलेल्या स्क्रीनशॉटमधून कापलेला भाग बराचसा परत मिळवता येत होता, कारण नवीन छोटी फाइल जुनीवर लिहिली जायची आणि जुनीचं शेपूट तसंच राहायचं. दुरुस्ती आली पण आधी टाकलेली चित्रं तशीच राहिली. त्यामुळे खाते क्रमांक, पत्ता असं काही झाकायचं असेल तर धूसर करू नका, भरीव काळा चौकोन टाका आणि नवीन नावाने एक्सपोर्ट करा.

फाइलचं नाव मराठीत ठेवायचा मोह मलाही होतो. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह लिंकमध्ये ९ अक्षरांचं होतं, म्हणजे मात्रा धरून चार चिन्हांचा "फोटो" ३६ अक्षरांचा, आणि अशी लिंक कुठेही चिकटवली की अर्ध्यात तुटायची भीती. साधी छोटी इंग्रजी अक्षरं आणि मध्ये डॅश ठेवा, कॅपिटल टाळा, कारण तुमच्या विंडोजला फरक पडत नाही पण लिनक्स सर्व्हरला पडतो आणि घरी दिसणारा फोटो तिथे गायब होतो. मराठी लिहायची ती ऑल्टमध्ये, म्हणजे कोडमधल्या चित्राच्या वर्णनाच्या जागी लिहा, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना तेच ऐकू येतं. विड्थ आणि हाइटचे आकडेही कोडमध्ये द्या, नाहीतर फोटो उशिरा आला की वाचत असलेली ओळ खाली ढकलली जाते.

सगळं नीट केलं, फाइल चढवली, आणि पेजवर अजून जुनाच फोटो दिसतोय? नाव तेच ठेवलंय म्हणून ब्राउझर साठवलेली जुनी प्रत दाखवतोय. नवीन नावाने चढवा आणि पेजवरची लिंक बदला.