धारेवरची गोल वाट: चढण्याआधी उतरण ठरवा

डोंगरधारेवरून गोल फिरून यायचं म्हटलं की सगळे पहिल्यांदा विचारतात, चढ किती आहे? मी विचारतो, उतरायचं कुठून? आल्या वाटेनं परतायचं असेल तर उतरण चढतानाच पाहून झालेली असते. कुठला दगड हलतो, कुठल्या झाडापाशी वळायचं, सगळं ठाऊक असतं. गोल वाटेत एका सोंडेनं, म्हणजे धारेवरून खाली उतरत गेलेल्या डोंगराच्या फाट्यानं, वर जायचं, धार धरून चालायचं आणि वेगळ्याच सोंडेनं खाली यायचं. म्हणजे पाय दमलेले, उजेड कमी होत चाललेला आणि समोरची वाट पहिल्यांदाच बघताय. तयारी करायची ती या शेवटच्या टप्प्याची. चढ काय, धापा टाकत का होईना, होऊन जातो.

आदल्या दिवशी कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असलेला नकाशा घेऊन बसा. सोंड असेल तिथे या रेषांचा बाक उताराकडे झुकतो, घळ असेल तिथे चढाकडे. एवढं एक डोळ्यांत बसलं की कागदावर डोंगर उभा राहतो. मग लक्षात येतं की चढताना सगळ्या सोंडा वर एकत्र येऊन मिळतात. थोडं इकडेतिकडे झालं तरी तुम्ही धारेवरच पोचता. उतरताना त्याच सोंडा हातपाय पसरतात. माथ्यावर पन्नास पावलं चुकली की खाली दोन वेगळे पायथे, आणि मध्ये दरी. म्हणून उतरायच्या सोंडेचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते नकाशावरूनच होकायंत्रानं मोजा आणि कागदावर लिहून खिशात टाका. माझ्या चिठ्ठीवर साधारण असं असतं: ‘तिसरी खिंड, मग बुटकं टेकाड, टेकाडाच्या माथ्यावरून 140 अंश, डावीकडची रुंद सोंड नाही.’ शेवटचे शब्द सगळ्यांत कामाचे. कुठे जायचं हे सगळे लिहितात, कुठे जायचं नाही हे कुणी लिहीत नाही. आणि हो, होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर काही भागांत चांगलीच वेगळी असते. तो फरक नकाशाच्या समासात छापलेला असतो, तो आधीच जमेस धरा.

गोल कुठल्या बाजूनं फिरायचा? कातळटप्पा ज्या बाजूला असेल त्या बाजूनं चढा. चढताना दगड डोळ्यांसमोर असतो, हाताला खाच सापडते. उतरताना पाय ठेवायची जागा पोटाखाली दडलेली असते. शिवाय चढून जमलं नाही तर सकाळच्या ताज्या पायांनी मागे फिरता येतं. तोच टप्पा संध्याकाळी उतरणीवर आडवा आला तर मागे फिरणं म्हणजे अख्खी धार पुन्हा चालणं. वारा पाठीवर यावा, ऊन डोळ्यांत येऊ नये, हे विचार नंतरचे. लांबलेली, सावकाश उतरणारी सोंड परतीला ठेवा, भले त्यात दोनतीन किलोमीटर वाढोत.

वेळेचा हिशेब करायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये मांडलेला नियम अजून चालतो: ताशी 5 किलोमीटर चाल, आणि दर 600 मीटर चढाईला वरून एक तास. गोम आहे ती चढाई मोजण्यात. पायथा 700 मीटरवर आणि सर्वोच्च माथा 1300 वर म्हणून चढाई 600 मीटर धरलीत तर फसाल. धार सरळ नसते. मध्ये पाच खिंडी असल्या आणि दरेक खिंडीनंतर 60 मीटर पुन्हा चढावं लागलं की आणखी 300 झाले. आता 14 किलोमीटर आणि 900 मीटर धरा: साधारण 4 तास 20 मिनिटं. हा आकडा न थांबता, चांगल्या वाटेवर, धडधाकट माणसाचा. मी त्याच्या दीडपट धरतो, आणि सूर्यास्ताच्या दोन तास आधी पायथा गाठायचा म्हणून तिथून उलटं मोजत निघायची वेळ काढतो. हेडलॅम्प तरीही प्रत्येकाकडे स्वतंत्र हवा. दोघांत एक ही काटकसर नको.

खिंडी म्हणजे धारेवरून मध्येच उतरायच्या जागा, असं नकाशा बघून वाटतं. सगळ्या तशा नसतात. काहींच्या खाली मळलेली वाट असते, काहींच्या खाली नुसती घळ, जी पुढे जाऊन कड्यावर संपते. पाणी जिथून जातं तिथून माणूस जाईलच असं नाही. पाण्याला पन्नास फूट उडी मारायला काही वाटत नाही. म्हणून कुठल्या खिंडीतून खरोखर खाली जाता येतं ते आधी खुणा करून ठेवा. त्यातल्या एका खिंडीला घड्याळ बांधा: इथे अमुक वाजेपर्यंत पोचलो नाही तर पुढची धार सोडायची, इथूनच उतरायचं. ही वेळ खाली असताना सगळ्यांसमोर सांगून टाका. वर गेल्यावर प्रत्येकाला पुढचा माथा जवळच दिसतो आणि गटातला एक जण हमखास म्हणतो, ‘अरे, हे काय, पंधरा मिनिटांचं काम.’ त्याच्याशी वाद घालण्यात दहा मिनिटं जातात.

धारेवर पाणी मिळेल या आशेवर राहू नका. पडलेलं पाणी दोन्ही अंगांनी निघून जातं, झरे असले तर बरेच खाली. तासाला अर्धा लिटर हा किमान हिशेब, उन्हात जास्त. वाऱ्याचंही तसंच. उंची हजार मीटरनं वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, आणि त्यावर वारा. हवा शून्य अंशावर असेल आणि वारा ताशी 40 किलोमीटरचा असेल तर अंगाला ते उणे सातसारखं लागतं. दोन माथ्यांमधल्या खिंडीत वारा दाटून जोरात घुसतो, तेव्हा जाकीट खिंडीत पोचायच्या आधी, आडोशालाच चढवा. खिंडीत उभं राहून बाही शोधणाऱ्याची बाही वाऱ्यावर फडफडत राहते, बोटं गारठतात आणि चेन काही लागत नाही.

विजेबद्दल तडजोड नाही. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 30 सेकंद झाले तर वीज दहाएक किलोमीटरवर आहे. तीसच्या आत आलं की धार सोडायची, जी सोपी बाजू असेल तिकडे उतरायचं. एकट्या झाडाखाली नाही, कपारीच्या तोंडाशी नाही, आणि सगळे एका जागी गोळा होऊन तर नाहीच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर परतायचं नाही.

आता उतरण. टेकाडाच्या माथ्यावर पोचल्यावर मी गटाला बसवतो. पाणी प्या, बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधा: टाच मागे ठोकून बसवायची आणि घोट्यापाशी घट्ट आवळायचं, म्हणजे उतारावर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख बुटावर आपटत नाही. काठ्या थोड्या लांब करा. तोवर मी चिठ्ठी काढून होकायंत्र धरतो. धुकं असेल तर जी वाट जास्त मळलेली दिसते ती खरी वाटते, पण ती बऱ्याचदा ढोरवाट असते आणि शंभर पावलांवर गवतात विरून जाते. पहिली शंभर पावलं उतरल्यावर थांबून पुन्हा दिशा बघा. 140 च्या जागी 100 दाखवत असेल तर शेजारच्या सोंडेवर आहात. लगेच माथ्यावर परत या. आडवं कापून योग्य सोंड गाठू हा मोह घळीत नेऊन सोडतो. फोनवरचा ठिपका सोबतीला असावा, पण नकाशा आधीच उतरवून घेतलेला आणि फोन विमान मोडवर. थंडीत बॅटरी लवकर बसते, फोन आतल्या खिशात ठेवा. दुसऱ्या कुणाचा ट्रॅक, म्हणजे त्यानं चालताना फोनवर नोंदवलेली वाट, वापरणार असाल तर तो कुठल्या ऋतूतला आणि कुठल्या दिशेनं चाललेला ते बघा. चढणाऱ्याच्या ट्रॅकवर उतरणारा जिथे गोंधळतो त्या जागा दिसतच नाहीत.

घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार, लागला तर एकामागोमाग एका रेषेत उतरू नका. वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. एक जण आडोशाला पोचला की दुसऱ्यानं निघायचं. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी: मदतीसाठी मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा, उत्तर तीन शिट्ट्यांचं.

सोंडेच्या पायथ्याशी झाडी सुरू झाली की वाटा फुटतात आणि गट पांगतो, कारण सगळ्यांना वाटतं आता आलंच. इथे सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. आणि निघतानाच बघून घ्या की सोंड नेमकी कुठे उतरते. बऱ्याच गोल वाटा पूर्ण गोल नसतात, सडकेवरून दोनतीन किलोमीटर चालून गाडी गाठावी लागते. ते किलोमीटर वेळेच्या हिशेबात सकाळीच धरा, आणि परतायची वेळ ज्याला सांगून आला आहात त्याला गाडीपाशी पोचल्यावरच फोन करा, माथ्यावरून नाही.