उन्हाळ्याच्या तोंडावर लघवीची गोळी सुरू होत असेल तर: तयारीची यादी

रक्तदाबासाठी डॉक्टरांनी मूत्रल औषध, म्हणजे बोलीत ‘लघवीची गोळी’, लिहून दिली असेल आणि ती उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू होणार असेल, तर खानदेशातल्या घराने थोडी आधीच तयारी करावी. ही गोळी मूत्रपिंडावाटे मीठ आणि त्याच्या मागोमाग पाणी बाहेर काढते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांकडे सरकला की घामही तेच करतो आणि या औषधाचे बरेचसे दुष्परिणाम त्या दोन्हींच्या बेरजेतून उद्भवतात. औषध जुने, स्वस्त आणि पक्षाघाताचा धोका कमी करणारे आहे, म्हणून ते बिनधोक घेता यावे एवढाच या यादीचा हेतू.

पहिली गोळी घेण्यापूर्वी रक्तातील सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक), साखर आणि युरिक अॅसिड तपासून घ्यावे. सोडियम साधारण 135 ते 145 आणि पोटॅशियम 3.5 ते 5 असावे. तोच अहवाल जपून ठेवून त्यावर पुढच्या तपासणीची तारीख लिहावी. ही दुसरी तपासणी बहुधा दोन ते चार आठवड्यांनी असते आणि सर्वात जास्त चुकते तीच. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडॅपामाइड या लघवीच्या गोळ्यांनी सोडियम उतरते ते अनेकदा पहिल्या काही आठवड्यांतच, आणि त्यातही वयस्कर, किरकोळ अंगाच्या बायकांत. आजी गप्प बसू लागली, जेवणावरून मन उडाले, चालताना झोक जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर ‘ऊन लागले असेल’ असे म्हणून दोन दिवस काढू नयेत. रक्त तपासावे. पोटरीत गोळे येणे, हातपाय गळून जाणे किंवा छातीत धडधडणे ही पोटॅशियम घसरल्याची खूण असू शकते.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या काही गोळ्यांतच मूत्रल औषध मिसळलेले असते आणि पाकिटावरचे घटक न वाचल्यास तेच औषध दोनदा पोटात जाते. कापूस वेचून कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन ही गोळीही याच पिशवीत टाकावी, कारण ती रक्तदाब वाढवते आणि मूत्रल औषधाबरोबर मूत्रपिंडावर ताण आणते. लिथियम (मनाच्या आजाराचे औषध) किंवा डिगॉक्सिन (हृदयाचे औषध) चालू असेल, पूर्वी गाऊट (युरिक अॅसिड वाढून होणारी सांधेदुखी) झाला असेल, मधुमेह असेल, तर ते न विचारता सांगावे.

गोळीची वेळ सकाळची ठरवावी, म्हणजे रात्री उठाउठी होत नाही. तरी खाटेपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर दिवा असू द्यावा आणि उठताना आधी खाटेच्या कडेला बसून, क्षणभर थांबून मग उभे राहावे. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर बसून आणि उभे राहून एकेक मिनिटाने मोजावे. वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरत असेल तर तो लिहून डॉक्टरांना दाखवावा. लग्नासाठी धुळे-नंदुरबारचा एसटी प्रवास असेल त्या दिवशी गोळी चुकवण्याऐवजी ती काही तास पुढे ढकलता येईल का, हे आधीच विचारावे.

स्वयंपाकघरात मिठाचे डबे पाहावेत. लोणची, पापड, बिबडे आणि ठेचा रोज ताटात असतील तर गोळीचा अर्धा उपयोग ताटातच संपतो. रावेर-यावलची केळी पोटॅशियमसाठी चांगलीच, मात्र स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम शरीरात राखून ठेवणारी लघवीची गोळी) चालू असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. कमी सोडियमचे मीठही त्याच कारणासाठी विचारल्याशिवाय आणू नये, कारण त्यात सहसा पोटॅशियम क्लोराइड असते. रोज किती पाणी प्यावे, हेही हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांनीच सांगायचे असते.

जुलाब-उलटी किंवा ताप आल्यास गोळी चालू ठेवायची की थांबवायची, आणि थांबवली तर पुन्हा कधी सुरू करायची, याचे उत्तर आधीच चिठ्ठीवर लिहून घ्यावे. ती चिठ्ठी औषधांच्या पिशवीत राहू द्यावी. चक्कर येऊन पडणे, शुद्ध हरपणे, आकडी (फिट) येणे किंवा बारा तासांत लघवी न होणे, यांपैकी काहीही झाले तर ती पिशवी घेऊन सरळ दवाखाना गाठावा.