सनमायकाचा टवका उडाला? कोपरा दुरुस्त करताना या चुका टाळा

घर बदलताना टीव्ही युनिट जिन्यात आपटलं आणि खालचा कोपरा गेला. अंगठ्याच्या नखाएवढा टवका. घरात रंगकामातून उरलेली भिंतीची पुट्टी होती, ती भरली, वरून तपकिरी रंग फासला. लांबून झकास दिसत होतं. पंधरा दिवसांनी फरशी पुसताना पोछ्याची काठी लागली आणि अख्खा कोपरा खडूसारखा हातात आला. त्यानंतर घरातले आणि शेजारचे मिळून बरेच कोपरे मी जोडले. रंग जुळत नाही म्हणून लोक डोकं धरून बसतात, पण काम फसतं ते त्याच्या कितीतरी आधी.

उडालेला तुकडा केरात टाकणे

सगळ्यात चांगली दुरुस्ती म्हणजे तोच तुकडा परत चिकटवणे. रंग, नक्षी, जाडी, सगळं आयतं जुळतं. तेव्हा कोपरा फुटला की आधी कॉटखाली वाकून बघा. तुकडा सापडला तर त्याच्या पाठीला चिकटलेला लाकडाचा भुसा खरवडू नका, तो खाचेत बरोबर बसतो. आधी गोंदाशिवाय बसवून बघा, कुठली बाजू वर ते ठरवा, मगच गोंद लावा. तुकडा नसेल तर सुताराने काम करताना सोडलेली सनमायकाची कात्रणं माळ्यावर असतील. ज्यांचं काम सध्या चालू आहे त्यांनी वीतभर तुकडा आणि बिलावरचा शेड नंबर आत्ताच जपून ठेवावा.

आत काय आहे ते न बघणे

ही खरी चूक, बाकीच्या बहुतेक हिच्यातून निघतात. वरून सगळं फर्निचर सारखंच चकचकीत, पण टवका उडाला की आतली जात दिसते. एकावर एक थर दिसले तर प्लायवूड. सुताराने घरी येऊन केलेलं फर्निचर बहुधा हेच, वर 0.8 किंवा 1 मिलिमीटरची सनमायका. दाबलेला जाडसर भुसा आणि बारीक ढलप्या दिसल्या तर पार्टिकल बोर्ड, म्हणजे ऑनलाइन मागवून स्क्रूने जोडलेली टेबलं आणि कपाटं. पिठासारखं एकसंध, मऊ, तपकिरी दिसलं तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड.

प्लायला जवळपास काहीही धरतं. पार्टिकल बोर्डचं तसं नाही. त्याचे कण सुटे झालेले असतात आणि तुम्ही वर कितीही मजबूत भराव घातला तरी तो त्या सुट्या कणांनाच चिकटतो. पहिल्या धक्क्याला कणांसकट बाहेर येतो. म्हणून आधी सुटा भुसा जुन्या टूथब्रशने झाडून काढा. मग उघड्या भागावर फेव्हिक्विकसारख्या पातळ गोंदाचे थेंब सोडा आणि मुरू द्या. वाळल्यावर नखाने टोकरून बघा. दगडासारखं लागलं की पुढे जा.

पावसाळ्यात किंवा रोजच्या पोछ्याने कोपरा फुगला असेल तर गोष्ट वेगळी. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की वाळूनही मूळ जाडीवर येत नाही. पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवा, फुगलेला भाग पटाशीने किंवा कटरने मूळ पातळीच्या थोडा खाली उतरवा आणि मगच भरा. ओल्यावर भरलेलं आतून सुटतं. घाई म्हणून हेअर ड्रायर जवळ धरू नका, उष्णतेने फेव्हिकॉल मऊ पडतो आणि शेजारची धड सनमायकाही उचलली जाते.

आणि हो, कोपऱ्यातून मातीचे पोपडे किंवा पिठासारखी भुकटी पडत असेल तर ते धक्क्याचं काम नाही. वाळवी किंवा भुंगा असेल, आधी त्याचा बंदोबस्त.

भराव चुकीचा निवडणे

भिंतीची पुट्टी भिंतीलाच. सनमायकाच्या गुळगुळीत कडेला ती धरत नाही आणि धक्का सोसत नाही. फेव्हिकॉल आणि भुशाचं मिश्रण सपाट भेगेला ठीक, पण वाळताना आकसतं, कोपऱ्याला धार राहत नाही. कोपऱ्यासाठी एमसील किंवा भुसा कालवलेलं अ‍ॅराल्डाइट, दोन्ही दोन भाग मिसळून घट्ट होणारी. दोन्ही भाग सारखे घ्या. एमसील एकच रंग येईपर्यंत मळा. रेघा दिसत असताना लावलं तर तेवढा भाग कच्चा राहतो.

खड्डा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. टवका मोठा असेल तर आत एक छोटा स्क्रू डोकं भरावात बुडेल इतका पिळा, भरावाला खुंटी मिळते. मग बाद झालेल्या एटीएम कार्डाचे दोन तुकडे घ्या, त्यांना पॅकिंगची चिकटपट्टी गुंडाळा आणि कोपऱ्याच्या दोन बाजूंना पक्के बांधा. साचा तयार. तिसऱ्या बाजूने दाबून भरा, ओल्या बोटाने सपाट करा. पॅकिंगच्या टेपला एमसील धरत नाही, त्यामुळे साचा सहज निघतो. ही युक्ती कळायच्या आधी मी बोटांनी कोपरा घडवायचो. तो लाडवासारखा दिसायचा.

जास्तीचा भराव पूर्ण दगड होण्याआधी, चामड्यासारखा झाला की ब्लेडने छाटा. दुसऱ्या दिवशी तेच काम घाम काढतं.

झटपट गोंदाची घाई

फेव्हिक्विक सरकवून जुळवायला वेळ देत नाही, शिवाय जास्त झाला तर गडद सनमायकावर पांढरट धुरकट डाग उठतो. सांडला तर सुती फडक्याने किंवा कापसाने टिपू नका, कापसाशी त्याची प्रक्रिया होऊन चटका बसण्याइतकं तापतं.

कड नुसती उचलली असेल, फुटली नसेल, तर आतली धूळ फुंकून काढा, खेळायच्या पत्त्याच्या कडेने फेव्हिकॉल आत सरकवा, मास्किंग टेपने आवळा आणि रात्रभर वजन ठेवा. मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालायला विसरू नका, नाहीतर वजनही फर्निचरचा भाग होईल. कडेला लावलेली पीव्हीसीची (प्लॅस्टिकची) पट्टी निघाली असेल तर रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग दाबा. ओला असतानाच दाबला तर पट्टी दोन दिवसांत परत उघडते. सांडलेला गोंद थिनरने पुसलात तर पीव्हीसीची चकाकी जाईल.

घासताना आजूबाजूचं खरवडणे

सनमायकाची नक्षी म्हणजे छापलेला कागद, वर पातळ पारदर्शक थर. पॉलिश पेपरचे चार हात चुकीच्या जागी बसले की नक्षी गेली, ती परत येत नाही. भरावाच्या चहूबाजूंनी मास्किंग टेपचे दोन थर लावा, पेपर छोट्या ठोकळ्याला गुंडाळा, 220 वरून 320 वर जा. कानस वापरत असाल तर सनमायकाकडून प्लायकडे ढकला आणि परत आणताना उचला. उलटी ओढली की नवा टवका.

ट्यूबलाइटखाली रंग जुळवणे

रात्री जुळलेला रंग सकाळी खिडकीतल्या उजेडात वेगळाच दिसतो. ॲक्रिलिक रंग दिवसा मिसळा, वाळू द्या, मग ठरवा. वाळल्यावर तो थोडा गडद होतो. लाकडाच्या नक्षीला आधी सगळ्यात फिकी छटा, त्यावर जवळजवळ कोरड्या बारीक ब्रशने गडद रेषा. स्केचपेनने रेषा मारू नका, ओल्या फडक्याला उतरतात. पांढऱ्या फर्निचरचं काम सगळ्यात अवघड, कारण पांढऱ्याच्याही दहा छटा असतात. तिथे मी रंगाच्या नादी न लागता सरळ पांढरा प्लॅस्टिकचा कोपरा चिकटवतो.

शेवटी वर पारदर्शक लॅकरचा हात द्या आणि सुकण्याआधी तिथे पोछा फिरवू नका. आमच्याकडे तर कामवाल्या मावशींना सांगून ठेवावं लागतं: दोन दिवस त्या कोपऱ्याला हात लावू नका.