मिठाची विद्युत वाहकता तपासताना या चुका टाळा

कोरड्या मिठातून वीज वाहत नाही, मिठाच्या पाण्यातून वाहते, हा शाळेतला प्रयोग गोव्यात पावसाळ्यात केला, तर पुष्कळदा पहिल्याच पायरीला घोळ होतो. वाटीतल्या मिठात विद्युतअग्रे रोवताच एलईडी मिणमिणू लागतो. अशा वेळी नियमावर शंका घेण्याआधी मीठ चिमटीत धरून पाहावे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध सोडिअम क्लोराइडलाही पाणी सुटते, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा बहुतेक वेळ याहून दमट असते. आगरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशिअम क्लोराइडही असल्याने ते आणखी लवकर ओलावते. कणांवर जमलेल्या खाऱ्या पाण्याच्या पातळ थरातून वीज वाहते आणि आपण ती घन मिठाच्या खाती मांडतो. म्हणून मीठ तव्यावर, वर झाकण ठेवून, तडतड थांबेपर्यंत भाजावे. ही तडतड खड्यांच्या पोटात अडकलेल्या पाण्याची असते. मग ते घट्ट झाकणाच्या बरणीत निववावे आणि बरणी उघडल्याबरोबर तपासावे.

द्रावणासाठी नळाचे किंवा विहिरीचे पाणी घेतल्यास त्यातले मूळचे क्षारही वीज वाहून नेतात. डिस्टिल्ड वॉटर घ्यावे आणि मीठ घालण्यापूर्वी नुसते पाणी तपासावे. तांब्याच्या उघड्या तारांऐवजी पेन्सिलीतील ग्राफाइटच्या कांड्या वापराव्यात, कारण तांबे झिजून द्रावणात उतरते. ९ व्होल्टची बॅटरी आणि एलईडीसोबत रोधक पुरेसा आहे. घरातल्या २३० व्होल्टच्या वीजजोडणीला हे उपकरण कधीही लावू नये. धन अग्राशी क्लोरीन वायू सुटू शकतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवून प्रयोग थोडक्यात आटोपावा.

मला सर्वांत जास्त खटकते ती वहीत लिहिली जाणारी चूक: ‘पाण्यात मिठापासून आयन तयार होतात.’ सोडिअम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, स्फटिकातही असतातच, फक्त ते जागच्या जागी जखडलेले असतात. पाणी त्यांना मोकळे करते, आणि द्रावणातून वीज हे आयन वाहून नेतात, सुटे इलेक्ट्रॉन नव्हेत. ८०१ अंश सेल्सिअसला मीठ वितळले, तर पाण्याचा थेंबही नसताना त्यातून वीज वाहते. ‘घन क्षार कधीच वाहक नसतो’ असेही सरसकट लिहू नये: सिल्व्हर आयोडाइड सुमारे १४७ अंशांच्या वर घनच राहते, तरी त्यातील चांदीचे आयन मोकळेपणी सरकतात आणि वीज उत्तम वाहते.